लोडाचा बंधारा

माझा नवरा जमाल जहाजावर सारंग होता. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. तीसेक वर्षं त्यानं समुद्रावर काढली आणि वर्षाकाठी दीड-दोन महिने माझ्याजवळ. त्यातला पहिला आठवडा तो जमिनीवर नीट चालायला शिकायचा, शेवटचा आठवडा सामान बांधायचा, आणि मधल्या दिवसांत गाव भेटायला यायचं. मला काय उरायचं ते तुम्हीच बघा. शेवटची बोट सोडून आला तेव्हा ओटीवर बॅग टाकून म्हणाला, "फातमा, आता मी हितनं हलायचा नाय." माणूस शब्दाचा पक्का निघाला. वर्ष पुरं व्हायच्या आत त्याचं काळीज बंद पडलं, आणि आमच्या भाटखोलच्या कबरस्तानात, सुरूच्या झाडाखाली, तो असा निजला की हलायचं नाव नाही.

तो होता तोवर मी त्याचं नाव तोंडावर कधी घेतलं नाही. 'अवो' आणि 'तुमी' यांच्यावर आमचा संसार झाला. आता तुम्हाला सांगताना घेते, कोण अडवणार आहे?

हसत सांगते म्हणून गैरसमज करून घेऊ नका. मला त्याची फार आठवण येते. घरी होता तेवढ्या महिन्यांत तो पहाटे उठून अंगणात जायचा, बोट ओलं करून वर धरायचा आणि आत येऊन मला वारा सांगायचा. आज खारा हाय, आज मतलई हाय. खारा म्हणजे समुद्राकडून येणारा, मतलई म्हणजे जमिनीकडून जाणारा. जशी काही मीच बोट हाकणार होते! मी भाकरी थापत 'बरं' म्हणायचे. आता वारा कुठला आहे ते मला कोणी सांगत नाही.

आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत. मयत घरातून निघाली की बायकांचा निरोप उंबऱ्याशीच. हे कोणी ठरवलं आणि का, त्याच्यावर मी भांडायला बसणार नाही. माझी आई गेली नाही, तिची आई गेली नाही. जमालचा पुतण्या अरीब जमातीच्या कामात असतो, काकाच्या कबरीची देखभालही तोच करतो. तो मला समजवायचा, "चाची, दुवा कुठनं पण पोचते." पोचते, मला ठाऊक आहे. नजर पोचत नाही, तिचं काय करू?

कबरस्तान गावाच्या टोकाला, पुळणीला लागून. भोवती चिऱ्याची उंच भिंत. जमालनं आजारपणात अरीबला सांगून ठेवलं होतं की मला समुद्राकडच्या कोपऱ्यात ठेवा. मी ते ऐकलं आणि माझं डोकं सणकलं. तिथंही समुद्र! पण मरणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि आमच्या माणसाला ते पक्कं ठाऊक होतं.

त्या कोपऱ्याचीही एक गोष्ट आहे. तौक्ते वादळात समुद्रानं आमची अर्धी पुळण खरवडून नेली, तो कोपरा ढासळला आणि तिथल्या दोन जुन्या कबरी गेल्या. कुठं गेल्या ते विचारू नका, त्या दिवशी गावात चूल पेटली नाही. मग भिंत परत बांधली आणि तिच्या पायथ्याशी समुद्राच्या बाजूनं सरकारी बंधारा आला. आम्हाला वाटलं दगड येतील. आलं कापड! पांढऱ्या-करड्या जाड कापडाच्या लांबच लांब पिशव्या, त्यांत पंपानं वाळू-पाणी भरलं, पाणी झिरपून गेलं आणि आत वाळू घट्ट बसली. बैठकीवर लोड ठेवतात तसे ते भिंतीला टेकून, एकावर एक. लोकांनी लगेच नाव ठेवलं, लोडाचा बंधारा. कोणी म्हणालं समुद्राला आता बिछाना घातला, त्यानं फक्त यावं नि लवंडावं. पण थट्टा जिरली. दोन पावसाळे गेले, समुद्र येऊन धडका द्यायचा आणि परत जायचा. जमालला तिथं ठेवलं तेव्हा बंधारा चांगला रुळला होता.

आता आमच्या चुकीकडं येते.

त्या लोडांवर चढलं की भिंतीपलीकडचं दिसतं, हे पहिल्यांदा कळलं खैरून खालाला. खाला आमच्यात सगळ्यांत म्हातारी. तिचं पाळण्यातलं पोर चाळीसेक वर्षांपूर्वी गेलं आणि पुरुषांनी नेऊन आतल्या मोठ्या झाडाखाली ठेवलं एवढं ती ऐकून होती, पाहिलं कधी नव्हतं. सुरूची सुकी फांदी काढायला म्हणून ती वर चढली आणि उतरेचना. मी खालून हाका मारते आहे, ही बया भिंतीवर हनुवटी टेकून गप्प. मग मी चढले. पलीकडं सगळं दिसत होतं. सुरूची झाडं, तांबड्या मातीचे उंचवटे, आणि कोपऱ्याला, हात लांब केला तर जवळजवळ लागेल इतका जवळ, माझा माणूस.

तेव्हापासून दर जुमेराती, म्हणजे गुरुवारी, दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की आम्ही पाच-सहा जणी बंधाऱ्यावर. पुरुषांना कळलं, पण बंधारा काही कबरस्तानात मोडत नाही, तो समुद्रात मोडतो. त्यामुळं कोणाला काही बोलता आलं नाही. आम्ही बसायचो, पुटपुटायचो, थोडं रडायचो, बरंचसं बोलायचो. मी घरातली सगळी बातमी भिंतीवरून पलीकडं टाकायचे. आमच्या लेकीला, अलिझाला, दुसरी मुलगी झाली हे मी त्याला तिथूनच सांगितलं. एकदा सब्ज्याचं बी मुठीत नेऊन वाऱ्यावर उधळलं, म्हटलं आत पाऊल नाही तर नाही, बी तर जाईल. गेलं आणि उगवलंही. फक्त जमालच्या कबरीवर चार रोपं आली, आणि शेजारी उस्मानचाचाच्या कबरीवर जंगल माजलं. जन्मभर दोघांचं कधी पटलं नाही. तिथंही बाजी उस्मानचाचानं मारली.

पुरुष आतल्या कबरी साफ ठेवतात, शब-ए-बरातीला तर नव्यानं माती सारखी करतात. आम्हाला तेवढं करायला मिळत नाही. मग आम्ही आमची बाजू साफ ठेवली. बंधाऱ्यावर वाळू साचायची, तिच्यावर मर्यादवेल पसरायची, तिच्यात पाय अडकायचे. आम्ही वेल उपटली आणि वाळू लोटली. दर जुमेराती मी नारळाच्या हिरांचा खराटा घेऊन जायचे आणि लोडाची पाठ अशी चकचकीत करायचे की लांबून कोणाला वाटावं, इथं रोज कोणीतरी येतं. माझ्या बसायच्या जागेवर तर जास्तच हात फिरायचा.

एप्रिलातली जुमेरात होती. ऊन उतरायला तयार नव्हतं. पुळणीवरून एक पोरगी चालत आली, पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र. मिरजोळ्याला एमआयडीसीत एका लॅबमध्ये ती कामाला होती. बांधकामात वापरायची असली कापडं तपासायचं तिचं काम आणि आमचा बंधारा तिच्याकडं. नाव मनस्वी. खाली उभी राहून तिनं आमच्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हे साफ कोणी केलं?"

मला वाटलं शाबासकी द्यायला आली. "आमीच. दर जुमेराती करताव. तुमच्या सरकारनं बंधारा घातलान नि इसरला. कुणीतरी बगायला नको?"

"अहो, इथं वर वीतभर वाळू टाकलेली होती. त्यावर मर्यादवेल लावलेली होती. गेल्या वर्षी पाहिलं तर काहीच नाही. वाटलं वाऱ्यानं गेली, म्हणून परत टाकून घेतली."

"वेल आमी उपटली," खाला ठसक्यात म्हणाली. "पायात येत हुती. नि कबरस्तानाला लागून असा उकिरडा ठेवतात काय?"

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्याशी ओरडता येतं. ती वर चढली, माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि माझ्या खराट्याकडं पाहत राहिली. हिरांमध्ये पांढरा पिंजल्यासारखा भुसा अडकला होता. तिनं तो चिमटीत धरून चोळला.

"हे दर वेळी निघतं?"

"निघतं की. खारी धूळ ती. वाऱ्यासंगती येते."

"ही धूळ नाही, मावशी. हा बंधाराच आहे."

म्हणजे काय, मी विचारलं. मग तिनं सांगितलं. हे कापड प्लास्टिकच्या धाग्याचं. धाग्याच्या आत बारीक बारीक कण साखळीसारखे एकमेकांना धरून असतात, आणि साखळी लांब आहे तोवर धागा चिवट. उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, अतिनील म्हणतात त्यांना. ते ही साखळी जागोजागी तोडतात. कापड आधी ताठरतं, मग ठिसूळ होतं, मग त्याचा असा भुसा पडतो. ऊन सोसावं म्हणून कारखान्यात त्यात औषधं मिसळतात, पण ती किती दिवस पुरणार? वर वाळू असली तर ऊन आत पोचतच नाही, आणि तेच कापड कितीतरी वर्षं टिकतं. समुद्राच्या माराला हे कापड पुरून उरतं, म्हणाली, उन्हाला नाही.

"आमच्या झाडण्यानं काय होतंय?" मी म्हटलं. "खराट्यानं कदी बंधारा मोडलाय?"

तिनं वाद घातला नाही. सॅकमधून कात्री काढली. तळाशी, वाळूत गाडलेल्या कापडाची जादा कड होती तिथून एक पट्टी कापली. वर, मी बसले होते त्याच्याजवळ, शिवणीची मोकळी कड होती तिथून दुसरी. दोन्ही माझ्या हातात दिल्या. "ओढा."

खालची पट्टी मी ओढली, खालानं ओढली, दोघींनी दोन टोकं धरून ओढली. हुं की चूं नाही. वरची मी नुसती ताणली आणि जुन्या उशीच्या अभ्र्यासारखी ती मधोमध गेली. आवाजसुद्धा केला नाही.

मग ती बंधाऱ्यावरून वाकून वाकून बघत कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिथं थांबली. माझ्या बसायच्या जागेच्या किंचित खाली, लोडाच्या कुशीला एक चीर गेली होती. तिच्यातून वाळूची बारीक धार लागली होती. पीठ चाळताना लागते तशी, अगदी शांत.

"पावसाळ्यात उधाणाची भरती आली की ही फाटत जाईल," ती म्हणाली. "लोड रिकामा झाला की लाट थेट भिंतीवर. मागे लगेच कबरी आहेत ना?"

"माजा नवरा हाय," मी म्हटलं.

तिनं एकदा भिंतीकडं पाहिलं. नंतर हळू आवाजात उपाय सांगू लागली. दगड आणायला इकडं रस्ता नाही, आणि या पावसाळ्याआधी तर शक्यच नाही. चिरेवर जाड कापडाचं ठिगळ, सगळ्या बंधाऱ्यावर परत वाळू, वाळू धरून ठेवायला मर्यादवेल. हे ती पुढच्या आठवड्यात करून घेणार होती. "पण मावशी, मी तिसऱ्यांदा झाकतेय. परत झाडलंत तर चौथ्यांदा झाकायला खाली काही उरणार नाही. आणि वर कोणी चढायचंही नाही. पायानं वाळू घसरते, वाळू घसरली की कापड उघडं."

"मंग आमी बसायचं कुटं?"

"खाली पुळणीवर बसा की."

"खालनं काय दिसतं?" खाला म्हणाली. "चिरं."

मनस्वीनं पहिल्यांदा भिंतीपलीकडं नीट पाहिलं. आम्ही इथं वारा खायला येत नाही हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं असावं. तिचे डोळे भरले, पण तिनं बोललेलं मागं घेतलं नाही. मला ती तिथंच आवडली, आणि तिथंच तिचा सगळ्यांत जास्त राग आला.

मी तिला बाजूला घेऊन विनवलं. म्हटलं, बाय, सगळं झाक. फक्त तेवढी एक जागा सोड, एका बाईच्या बसण्यापुरती. मी एकटीच येईन, चवड्यांवर येईन. ती म्हणाली, "मावशी, चीर त्याच जागेखाली आहे." मी रागारागानं खराटा उचलला आणि घरी चालू पडले. वाटेत मनाशी म्हणत होते, कालची पोरगी आम्हाला ऊन शिकवते! कात्रीनं आधीच खाच पाडली असेल पट्टीला.

ओटीवर झोपाळा आहे. जमालनं शेवटच्या बोटीवरून येताना एक जाड निळा दोर आणला होता. बायका अत्तर आणायला सांगतात, हा दोर घेऊन आला. त्याचाच झोपाळा बांधला. दुपारनंतर ऊन ओटीवर येतं आणि झोपाळ्याच्या एका बाजूच्या दोरावर पडतं. त्यानं जुनी लुंगी फाडली, पट्ट्या केल्या आणि तो दोर वरपासून खालपर्यंत करकचून गुंडाळला. मी म्हटलं, झोपाळ्याला पण लुंगी नेसवलीत, आता टोपी तेवढी राहिली. तो हसला नाही. दोराच्या बाबतीत तो कधी हसायचा नाही. म्हणाला, "ऊन खातं दोराला, फातमा. डेकवर उगडा दोर दिसला तर मी पोरांना जेवू देत नसे. झाक, मंग बग किती टिकतो."

मी या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. खरं तर त्यात नवं काय होतं? आमच्या गावात एक घर असं नाही जे नायलॉनचं जाळं उन्हात टाकून जेवायला बसेल. वल्हं विसरतील, पण जाळ्यावर माडाच्या पात्यांचा झाप टाकायला विसरणार नाहीत. आम्ही सगळ्या त्याच घरांतल्या. पण बंधारा ट्रकमधून आला, साहेबांबरोबर आला, त्याच्यावर फलक लागला. तो आमच्या जाळ्याचाच भाऊबंद आहे असं एकीच्याही मनात आलं नाही.

त्या संध्याकाळी मी झोपाळ्यावर उभी राहिले आणि लुंगीची एक पट्टी सोडवली. त्याची गाठ सोडवायला माझी नखं दुखली. पट्टी उन्हानं विटून गेली होती, पण आतला दोर निळाशार होता, आणला त्या दिवशी होता तसा. बाहेरच्या अंगाला, वर आड्याशी गाठ मारून दोराचं एक शेपूट त्यानं तसंच सोडलं होतं, झाकायचं राहिलेलं, उन्हानं निळेपण गेलेलं. मी ते चिमटीत धरलं. चुरलं. बोटांवर पांढरा भुसा आला. तोच, माझ्या खराट्यातला.

मी खाली बसले आणि खूप रडले. तो गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते, तेव्हा घरात माणसं होती. तीसेक वर्षं तो समुद्राकडं होता आणि मी कुरकुर केली नाही, केली तरी फार नाही. आता कुठं तो माझ्या हाताच्या अंतरावर आला, तर समुद्र त्याला परत न्यायला निघालाय, आणि त्याला वाट मी करून देत होते. दर जुमेराती, मायेनं, खराटा घेऊन. दोर सांभाळायला त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी त्यालाच उघड्यावर टाकलं होतं.

रडून झाल्यावर पट्टी परत गुंडाळली. त्याच्यासारखी करकचून नाही जमली. उरलेल्या शेपटावर माझी जुनी ओढणी बांधली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सगळ्या बायकांना ओटीवर बोलावलं आणि ओढणी सोडून त्यांना ते शेपूट दाखवलं. एकेकीनं हात लावला. कोणी काही विचारलं नाही, त्यांची बोटं लहानपणापासून जाळ्यातली. फक्त खाला पुढं आली नाही. भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "माज्या पोराला मी चाळीस वर्सांनी बगितलं, फातमा. किती दिवस झालं? आत्ता आत्ता तर बगाय लागलंय."

"ठाव हाय मना."

"तुजा तिकडच्या कोपऱ्याला हाय. माजा पार आत हाय, मोठ्या झाडाखाली. समुद्र आला तरी माज्यापावत यायला लय वर्सं लागतील." ती माझ्याकडं बघत नव्हती. "मी नाय म्हणू शकतंय."

हे खरं होतं. तिनं नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. ती उठली, चपला शोधायला लागली, आणि पायरीवरून म्हणाली, "घमेली माज्या घरात हायत. दोन. सकाळी घिऊन जा."

अरीबला कळलं तेव्हा तो माझ्या भल्यासाठीच म्हणाला, "चाची, मी आत जातो ना दर जुम्म्याला. व्हिडीओ कॉल लावीन, तुमी घरात बसून बगा." चांगला पोरगा आहे. मी त्याला म्हटलं, "बाबा, जिता होता तवा मी त्याला निस्ता फोनवर बगितला. आता पण फोनवरच बगू?" तो खाली बघून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात मनस्वी माणसं घेऊन आली. त्यांनी चिरेला ठिगळ लावलं, कडा नीट शिवून घेतल्या. ठिगळाचं कापडही पांढरंच होतं, नवं, माझं मन उगाच त्याच्याकडं ओढलं. मग वाळू टाकायला घेतली. आम्ही बायकाही घमेली घेऊन लागलो. पहिलं घमेलं खालानं टाकलं, नेमकं आपल्या उभं राहायच्या जागेवर, आणि मागं वळूनही पाहिलं नाही. दुपार टळेपर्यंत सगळा बंधारा झाकून झाला, माझी जागा सोडून.

ती कोणी झाकेना. कामावरची माणसं घमेली घेऊन थांबली. मनस्वी म्हणाली, "चहा घेऊन येऊया," आणि सगळ्यांना घेऊन पुळणीवरच्या सुरूच्या सावलीला गेली. मी वर बसले. काय सांगायचं ते सुचेना. आतापर्यंत अलिझा, तिच्या पोरी, नारळाचं पाडप, वाडीतली भांडणं, सगळं सांगून झालं होतं. मी नुसतं बघून घेतलं. उशाचा दगड थोडा कललेला आहे. पायथ्याशी सुरूची काडी पडते ती अरीब उचलत नाही. सब्ज्याची रोपं चारच, पण मंजिऱ्या धरलेल्या. उस्मानचाचाकडं जंगल. मातीचा रंग आमच्या अंगणातल्यासारखाच. एवढं सगळं डोळ्यांत घेतलं. त्याच्या प्रत्येक सुट्टीच्या शेवटी, तो बस स्टँडवर जायला निघाला की मी असंच बघून घ्यायचे, पुढच्या वर्षापर्यंत पुरेल असं. तेव्हा निघायचा तो. या वेळी निघायचं मला होतं, हाच काय तो फरक.

"तुमीच सांगितलं हुतं ना झाकायला," मी त्याला म्हटलं, "मंग आता कुरकुर करायची नाय." आणि उतरून घमेलं भरलं.

पावसाळा झाला. श्रावणात उधाणाच्या भरत्या आल्या, त्यातल्या एकीला समुद्र भिंतीच्या निम्म्यावर उडत होता आणि मी घरात तसबीची माळ ओढत बसले होते. सकाळी अरीब धावत सांगायला आला. बंधारा आहे. वरची वाळू थोडी गेली, वेलीनं बाकीची धरून ठेवली. कोपरा जागच्या जागी. मी त्याला शिरा करून खाऊ घातला.

आता थंडी लागलीय. मनस्वी येऊन गेली, तळहाताएवढी वाळू बाजूला करून तिनं कापड बघितलं, परत झाकलं आणि मान हलवली. मर्यादवेल सगळीकडं पसरलीय, जांभळी फुलं येतात. आम्ही पुळणीवर बसतो. समोर वेल, वेलीच्या वर चिऱ्याची भिंत, आणि भिंतीच्या वर आभाळ. बघायला एवढंच.

पण मी हल्ली जुमेरातीची वाट बघत नाही, पहाटेच जाते. निघण्याआधी अंगणात बोट ओलं करून वर धरते. आधी जमत नव्हतं, आता बोटाची कुठली बाजू गार पडते ते कळतं. मतलई असेल तरच जाते. तो गावावरून येतो, कबरस्तानावरून जातो, भिंत ओलांडतो, वेल ओलांडतो आणि पुळणीवर उतरतो, आणि त्याला सब्ज्याचा वास असतो. त्यातला बराचसा उस्मानचाचाचा, मला ठाऊक आहे. चार रोपांचाही असणार.

जन्मभर मी ह्याच पुळणीवर समुद्राकडं तोंड करून उभी राहिले. आता समुद्राकडं पाठ करते. कोणी नसतं तिथं त्या वेळी. वास आला की मी डोळे मिटते, आणि तो होता तेव्हा जे कधी केलं नाही ते करते, त्याला तोंडावर नावानं हाक मारते.

"जमाल," मी म्हणते, "आज मतलई हाय."